जाण्याचा सराव

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी त्याला थांबवलं. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी आपल्या बाहीला टोचल्या आणि मग विचारलं, "रागावणार नसाल तर विचारते. तुमच्याकडे कुणी आजारी माणूस आहे का?" तो म्हणाला, "नाही. मी एकटाच असतो. म्हणजे मी आणि कुत्रा." बाई म्हणाल्या, "मग कुत्राच असेल. मला आपलं वाटायचं, म्हातारं माणूस आहे कुणी, अंथरुणाला खिळलेलं. तुम्ही सकाळी जिना उतरलात, की पाचेक मिनिटांत सुरू होतं. दुपारी जरा दमतं. मग पुन्हा. दोन महिने झाले." "माझा कुत्रा रडत नाही," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला जाणवलं, की शाळेत बोलावून घेतलेले आईबाप याच आवाजात बोलत असतात. बाई वाद घालायच्या भानगडीत पडल्या नाहीत. मशीन दिवसभर त्यांच्या कानाशी असतं, त्या म्हणाल्या, तरी त्याच्यावरून ऐकू येतं, तेव्हा काय ते समजा. त्यांचं काही म्हणणं नव्हतं, पण वरच्या मजल्यावरच्यांनी इमारतीच्या सचिवांकडे लेखी तक्रार दिली होती, आणि सचिव हा माणूस कागदाला फार मानतो, तेव्हा आधीच कानावर घातलेलं बरं.

तो वर गेला. किल्ली कुलपात घालायच्या आधी थांबून त्याने दाराला कान लावला. आत काहीच नव्हतं, म्हणजे नेहमी असतं तेच होतं. दार उघडलं तर चपलांच्या फळीशेजारी पाहुणा, म्हणजे तो कुत्रा, पडलेला होता. त्याने एक भुवई वर केली, खाली केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. नेहमीचंच स्वागत. पण आता दिवा लावून त्याने दाराची आतली बाजू बघितली. खाली वीतभर उंचीपर्यंत रंग खरवडून लाकूड उघडं पडलं होतं आणि फरशीवर भुसा होता, बारीक, पिठासारखा. तो रोज संध्याकाळी केर काढायचा. म्हणजे हा भुसा त्याने दोन महिने स्वतःच्या हाताने भरून टाकला होता. पाण्याचं भांडं सकाळी भरलं होतं तसं काठोकाठ. आणि आत्ता, तो घरात आल्यावर, पाहुणा उठून भांड्याशी गेला आणि खूप वेळ पीत राहिला. हेही रोजच व्हायचं. कुत्र्याला संध्याकाळी तहान लागते, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बूट न काढता तो खुर्चीवर बसला. डोळ्यांसमोर असलेलं दिसलं नाही याचं त्याला तितकंसं वाटलं नाही. आपण गेल्यावर या घरात काहीतरी होत असतं, आपल्याच घरात, आणि ते खालच्या बाईंना ठाऊक होतं, याचं मात्र त्याला चमत्कारिक वाटलं. जसं कुणी येऊन सांगावं, की तुम्ही झोपेत बोलता.

पाहुणा ताईचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा. सहा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे आला आणि तो कुणीतरी परत आलाच नाही. दोन दिवसांचा पाहुणा आहे, ताई शेजाऱ्यांना सांगायची, आणि तेच नाव राहिलं. रंग राखाडी, एक कान उभा, एक पडलेला, चेहरा कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा. दोन महिन्यांपूर्वी ताईच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली आणि शब्दांची अदलाबदल झाली. पाणी हवं असेल तर ती खिडकी म्हणते, हो म्हणायचं तिथे नाही म्हणते आणि मग स्वतःच चिडते. डॉक्टरांनी तिला शुश्रूषागृहात ठेवायला सांगितलं आणि पाहुणा याच्याकडे आला, एक दोरी, एक वाडगा आणि एक जुनी गोधडी घेऊन. त्याला कुत्र्यांचं वेड नव्हतं आणि पाहुण्यालाही माणसांचं फारसं असावं असं वाटत नव्हतं. दोघे एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहत. तो हाक मारी, पाहुणा ऐकून घेई. त्यामुळे आता प्रश्न असा, की तो रडतो ते कुणासाठी? ताईसाठी रडत असेल, तर तो रात्रंदिवस रडायला हवा. हा घरात असताना गप्प राहायचं काय कारण? आणि याच्यासाठी रडत असेल, तर हा आल्यावर तोंड भिंतीकडे का?

दुसऱ्या दिवशी कामावर हाच प्रश्न त्याच्याबरोबर बाकावर बसला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, तीस वर्षं झाली. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे साचे येत, तो त्यांत प्लास्टर ओतून जबडा उभा करी, त्यावर गुलाबी मेण चढवी आणि दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवून एकेक दात बसवी. हजारो माणसं त्याने बनवलेल्या दातांनी जेवत होती, हसत होती, भांडत होती आणि त्यातला एकही चेहरा त्याने पाहिलेला नव्हता. त्याला ते आवडायचं. जबडा हातात आला की माणूस काय असेल हे त्याला कळे, निदान तसं वाटे: हा दात खाणारा, ही एकाच बाजूने चावणारी, यांनी आयुष्यभर काहीतरी गिळलेलं. शेजारच्या बाकावर तयार कवळ्यांना चकाकी द्यायचं काम करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत, जरी ती त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला सांगितलं. "रेडिओ लावून जा," मावशी म्हणाली. "माणसाचा आवाज असला की झालं. माझे सासरे तसेच होते." त्याने दुसऱ्या दिवशी रेडिओ लावला. संध्याकाळी जिन्यात शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "आता दोघे असतात. एक बातम्या सांगतो आणि दुसरा रडतो." त्याच दिवशी दाराखालून सचिवांचं पत्र आलं होतं, एका महिन्यात बंदोबस्त करावा, अन्यथा प्राण्याची दुसरीकडे सोय करावी. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे पत्रात नव्हतं. ताई दर रविवारी पहिल्यांदा पाहुण्याबद्दलच विचारायची, म्हणजे डाव्या हाताने उभा कान आणि पडलेला कान करून दाखवायची. त्याला दुसरीकडे पाठवलं हे तिला कोणत्या शब्दांत सांगणार? आणि ती कोणते शब्द ऐकणार?

जनावरांची डॉक्टर तरुण होती आणि त्याला काका म्हणत होती. तिने पाहुण्याचे कान, दात, पोट तपासलं, मग जमिनीवर मांडी घालून बसली आणि पाहुण्याऐवजी त्यालाच प्रश्न विचारू लागली. किती वाजता जाता? जायच्या आधी काय काय करता? कोणत्या क्रमाने? यावर त्याने कधी विचार केला नव्हता. घड्याळ बांधतो, डबा पिशवीत ठेवतो, बूट, किल्ल्या. "किल्ल्या वाजल्या की काय करतो हा?" तो म्हणाला, बघितलं नाही. "बघा. त्याला तेव्हाच कळत असतं. तो मुद्दाम त्रास देत नाही, काका, त्याला भीती वाटते. घाबरलेल्याला रागावून उपयोग नाही. एक माणूस गेलं ते परत आलंच नाही, मग दुसरं रोज जातं. त्याने काय समजायचं?" मग तिने सांगितलं ते असं: किल्ल्या उचला आणि जाऊ नका, खाली ठेवा. बूट घाला आणि खुर्चीवर बसून पेपर वाचा. दार उघडा, लावा. मग बाहेर जा, पाच सेकंदांत परत या. मग दहा. तो घाबरायच्या आत परत यायचं, नेहमी आत, त्याच्या सहनशक्तीच्या अलीकडे. आणि हे चालू असताना त्याला त्याहून जास्त एकटं ठेवायचं नाही. "आणि जाताना निरोपबिरोप घेऊ नका. आल्यावर लाड नकोत. जाणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं त्याला वाटलं पाहिजे." त्याने विचारलं, "आणि असेल तर?" "काय?" "मोठी गोष्ट असेल तर?" डॉक्टर हसली, पण मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला सुट्टी मिळेल का काही दिवस?"

तीस वर्षांत त्याने आजारपणाशिवाय सुट्टी घेतलेली नव्हती. थोरल्या साहेबांनी कारण विचारलं. तो म्हणाला, "घरी सराव करायचाय." "कसला?" "घरातून बाहेर पडायचा." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तीन आठवडे मंजूर केले.

पहिले तीन दिवस तो फक्त किल्ल्या उचलत होता. उचलायच्या, ठेवायच्या. पहिल्या वेळी पाहुण्याचं सगळं अंग आखडलं, दोन्ही कान मागे गेले, तोंडातून लाळेचा धागा फरशीपर्यंत लोंबला, आणि ते इतकं उघड होतं, की त्याला कळेना, आपण रोज सकाळी कुठे बघत होतो. बाराव्या वेळी एकच कान हलला. चाळिसाव्या वेळी पाहुण्याने जांभई दिली. मग तो बूट घालून खुर्चीवर बसला. भर सकाळी, घड्याळ बांधून, पिशवी खांद्याला लावून स्वतःच्याच घरात बसलेला माणूस कसा दिसतो हे त्याला समोरच्या कपाटाच्या काचेत दिसत होतं: घरी कुणी नाही म्हणून थांबलेल्या विमा एजंटासारखा. चौथ्या दिवशी तो दाराबाहेर गेला. दार लावलं आणि मोजायला लागला. एक, दोन. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास होता, समोरच्या बंद घराच्या दारावर धूळ होती. दाराच्या त्या बाजूला कुणीतरी श्वास धरून उभं होतं आणि या बाजूला हा. तीन, चार. आत नख फरशीवर वाजलं. पाच. तो आत गेला. पाहुणा दारात उभा होता. लाड करायचे नव्हते. तो त्याच्या बाजूने निघून स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. आपले गुडघे थरथरताहेत असं त्याच्या लक्षात आलं. पाच सेकंद. हा काय मूर्खपणा, असं तो स्वतःशी म्हणाला. पण ते थरथरणं मूर्खपणाचं नव्हतं, जुनं होतं आणि त्याला कुठूनतरी ओळखत होतं.

तो पाच वर्षांचा होता आणि ताई चौदाची. आईला छातीचा आजार होता आणि तिला लांब कुठेतरी डोंगरावरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. त्याला सांगू नका, असं मोठ्यांनी ठरवलं, उगाच रडारड नको. ताईला सांगितलं, त्याला मागच्या अंगणात घेऊन जा. ताईने त्याला मुंग्या दाखवल्या. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती आणि त्यांतली एक आपल्याहून मोठा कसलासा पंख ओढत होती, आणि पुढून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. इतकंच. आई परत आली नाही. बरी होऊन येते असा निरोप आला, मग पत्रं आली, मग पत्रं थांबली. आणि तो रडला नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण सगळ्यांनी ते सांगितलं होतं. केवढा शहाणा मुलगा, एवढंसं पोर पण डोळ्यांतून टिपूस नाही. काका, आत्या, शेजारीपाजारी, सगळे. पुढे तो जो माणूस झाला तो त्या वाक्याच्याच साच्यात ओतलेला होता. शाळेतून, नोकरीतून, एका ठरत आलेल्या लग्नातून तो असाच निघाला होता, काही न बोलता, कुणाला त्रास न देता, आणि लोक म्हणत, किती समंजस. आता दाराबाहेर उभं राहून सेकंद मोजताना त्याला प्रथमच ते नीट आठवेना. मुंगी आठवत होती. पंख आठवत होता. पण गाडीचं दार आधी लागलं की मुंग्या आधी? आवाज आल्यावर त्याने वर बघितलं का? ताईचा हात त्याच्या मानेवर होता, तो प्रेमाने होता, की त्याने मागे वळू नये म्हणून? तो जितका आठवायला जाई तितकं ते पातळ होई, ज्योतीवर जास्त धरलेल्या मेणासारखं, आणि शेवटी हातात नुसता वास उरे.

शिवणकामवाल्या बाईंनी आपण होऊन पहारा पत्करला. वरून रडण्याचा आवाज आला की त्या खडूने कापडाच्या कडेला रेघ मारत आणि वेळ लिहीत. "आज साडेचार मिनिटं गप्प," त्या जिन्यात त्याला सांगत. तो तेव्हा जिन्यातच, एक मजला खाली, त्यांच्या दाराशी उभा असे. दोघे कुजबुजत बोलत, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तसे. "मीही लहानपणी अशीच होते," बाई एकदा म्हणाल्या. "आई विहिरीवर गेली तरी घर डोक्यावर घ्यायची. तुम्ही?" "मी रडत नसे," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं नाही. "अरेरे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन मशीनवर बसल्या. त्या शब्दाने तो दिवसभर गोंधळलेला राहिला. पन्नास वर्षं ज्याला शाबासकी मिळत आली त्यावर कुणी हळहळलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

दहाव्या दिवशी अकरा मिनिटं झाली आणि अकराव्या दिवशी पुन्हा तीन. डॉक्टर फोनवर म्हणाली, असंच होतं, मागे या, पुन्हा दोनपासून सुरू करा. तो दोनपासून सुरू झाला. इतकं मन लावून त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं, कवळ्यासुद्धा नाहीत. रविवारी तो ताईकडे जाई तेव्हा पाहुणा बाईंच्या मशीनखाली दाराकडे तोंड करून बसे, कारण तिथे निदान माणूस असे. आणि याच सरावाच्या दिवसांतल्या एका रविवारी त्याला ते दिसलं. शुश्रूषागृहातल्या परिचारिकेने पहिल्याच आठवड्यात त्याला सांगून ठेवलं होतं, "दादा, निघताना सांगून निघू नका. आजींना त्रास होतो, मग आम्हाला सांभाळावं लागतं. मी त्यांना दूध भरवायला घेते, तेवढ्यात तुम्ही सटका." त्याला ते फार सोयीचं वाटलं होतं. दूध आलं, ताईची मान पेल्याकडे वळली, की तो खुर्चीचा आवाज न करता उठे आणि पडद्यामागून निघून जाई. दहा रविवार त्याने हे केलं होतं आणि ते त्याला चांगलं जमत होतं. त्या रविवारी उठताना त्याची नजर परिचारिकेच्या डाव्या हाताकडे गेली. तो हात ताईच्या मानेवर होता, अगदी हलका, मान वळू नये इतपतच. तो पडद्याशी पोचला होता. ओळखीचं काहीतरी त्याच्या अंगावरून गेलं, पण त्याचे पाय थांबले नाहीत, पायांना सवय होती. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याला कळेना, आपण आत्ता कुणाला सोडून आलो, आणि आपण या गोष्टीत नेमके कोण? गाडीतून जाणारे, मुंग्या दाखवणारे, की मुंग्या बघणारे?

तीन आठवडे संपले तेव्हा पाहुणा पस्तीस मिनिटं राहू लागला होता, कधी चाळीस. थोरल्या साहेबांनी काही दिवस अर्धं काम घरी न्यायला परवानगी दिली, बाईंनी दुपार पत्करली, आणि सचिवांनी कापडावरच्या खडूच्या रेघा स्वतः डोळ्यांनी बघून मुदत वाढवली, कारण तो शेवटी एक प्रकारचा कागदच होता. त्याने मग ठरवलं, की पाहुण्याला ताईकडे न्यायचं. त्याला खात्री करून घ्यायची होती. कुत्रा ताईसाठी रडत असेल तर ताईला पाहून ते कळेल, एकदाचं. चाळीस मिनिटं चालत ते गेले. शुश्रूषागृहाच्या बागेत परिचारिकेने ताईची चाकांची खुर्ची आणून ठेवली होती, गुडघ्यांवर शाल. त्याने मनात हे किती वेळा रंगवलं होतं: पाहुणा दोरी ओढत धावेल, उड्या मारील, रडेल, ताई रडेल. पाहुणा धावला नाही. तो सावकाश गेला, ताईच्या चपला हुंगल्या, चाक हुंगलं, तिच्या निकामी उजव्या हाताखाली नाक घालून तो हात एकदा वर उचलून बघितला आणि मग खुर्चीशेजारी बसला, जणू मधल्या तीन महिन्यांत काही झालंच नव्हतं. शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. ताई डाव्या हाताने त्याचा पडलेला कान उभा करत होती आणि सोडत होती. "छत्री," ती त्याला म्हणत होती, "छत्री माझी." तो बघत राहिला. मग रडणं ताईसाठी नव्हतं का? की भेट झाली की रडायचं कारणच उरत नाही?

तेवढ्यात फाटकाजवळच्या कचेरीतून निरोप आला, की प्राणी आत आणल्याबद्दल वहीत सही करावी लागेल. त्याने दोरी ताईच्या खुर्चीला अडकवली आणि तो गेला. कचेरी पन्नास पावलांवर होती. तो वहीवर वाकला असेल नसेल, बागेतून आवाज आला. आधी बारीक, दाराच्या बिजागरीसारखा, मग लांबलचक, वर चढत जाणारा आणि वर गेल्यावर तुटणारा. कचेरीतला माणूस म्हणाला, "कोण पडलं की काय?" त्याने हा आवाज याआधी कधीच ऐकलेला नव्हता. तीन महिने रोज त्याच्या घरात तो होत होता, इमारतीने ऐकला होता, कापडावर त्याच्या रेघा होत्या, आणि त्याला तो आज प्रथम ऐकू येत होता, कारण प्रत्येक वेळी तो निघून गेलेला असे. आणि ताई तर तिथेच होती. खिडकीतून दिसत होतं, तिचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता. सही अर्धी राहिली. तो वहीवर पेन तसंच टाकून धावत सुटला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बागेतल्या म्हाताऱ्यांसमोर, आणि पाहुण्याने त्याला बघितलं, गप्प झाला, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्याने ताईकडे बघितलं. ती घाबरली असेल असं त्याला वाटलं होतं, पण ती त्याच्याकडे मोठ्या विचारात बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात तो शब्द अडकला होता. "तू," ती म्हणाली. "काय मी?" तिने कुत्र्याकडे बोट केलं, मग त्याच्याकडे. "तू. असा. खुर्चीत." डोकं हलवून तिने तो शब्द खोडला. "दारात. तीन... तीन पेले. नाही. तीन दिवस." "काय तीन दिवस, ताई?" तिने डावा हात वर करून तो आपल्या कानावर गच्च दाबून धरला, एखादा आवाज सहन होत नसल्यासारखा, आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग हात काढला. "आई गेली," ती म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून इतके सरळ आले, की परिचारिकासुद्धा वळून बघायला लागली. "मी रडलो नव्हतो," तो म्हणाला. "सगळे म्हणायचे." ताईने मान हलवली. ती हो होती की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता, कारण अलीकडे तिच्या हो-नाहीचा भरवसा राहिला नव्हता. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा मान हलवली, पहिल्यासारखीच. मग तिचं लक्ष शालीच्या गोंड्याकडे गेलं आणि ती तो बोटाला गुंडाळत बसली. तो तिच्यासमोर गवतावर बसला. तीन दिवस दारात उभं राहून रडलेला एक मुलगा आणि मुंग्या बघत गप्प राहिलेला एक मुलगा, असे दोघे त्याच्यासमोर होते. पहिला त्याला आठवत नव्हता आणि दुसऱ्यावर आता विश्वास बसत नव्हता. कदाचित ताई कुत्र्याबद्दलच बोलत असेल. कदाचित स्वतःबद्दल.

दूध आलं. परिचारिकेने त्याला डोळ्यांनी खूण केली. तो उठला, पण पडद्याकडे जायच्या ऐवजी, इथे बागेत पडदाही नव्हता, तो ताईच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. पेला मध्ये होता, तो त्याने हाताने बाजूला केला. "ताई," तो म्हणाला, "मी आता येतो." "ये," ताई म्हणाली. "म्हणजे निघतो. पुढच्या रविवारी चार वाजता पुन्हा येतो." "ये ना. बस," ती म्हणाली आणि तिने खुर्चीचा हात थोपटला. तिला कळलं नव्हतं, की कळलं होतं म्हणूनच ती तसं म्हणत होती? तो बसला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "येतो." "ये," ताई म्हणाली. मग तो उठला आणि पाहुण्याला घेऊन बागेतल्या वाटेवरून तिच्या नजरेसमोरून चालू लागला, आणि दहा पावलांवर त्याला मागे तिचा आवाज ऐकू आला, शब्द नसलेला. "बघा, म्हणून सांगत होते," परिचारिका म्हणाली. तो परत आला. रुमालाने तिचा चेहरा पुसला. ती शांत झाल्यावर पुन्हा म्हणाला, "येतो," आणि पाच पावलं गेला, आणि परत आला. मग आठ. मग पुन्हा पाच, कारण आठ जास्त झाली होती. मग बारा. परिचारिका पेला हातात धरून बघत होती. बाकांवरचे दोघे-तिघे म्हातारे आपलं बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत होते: एक टक्कल पडलेला गृहस्थ आणि एक कुत्रा बागेच्या वाटेवरून जाताहेत, येताहेत, जाताहेत. मधल्या झाडापर्यंत. कारंज्यापर्यंत. कितव्या वेळी ते त्याला आठवत नाही, पण तो कारंज्यापासून वळून येत असताना ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिने परिचारिकेच्या हातून पेला स्वतःच्या डाव्या हातात घेतला होता आणि ओठांना दुधाची कड होती. तो जवळ आला तशी तिने कपाळाला आठ्या घातल्या, लहानपणी शाळेला उशीर झाला की घालायची तशा. "काय रे हे ठोंब्या," ताई म्हणाली. "जा ना आता."

तो गेला. या वेळी मागून काही आवाज आला नाही, आणि तरीही तो पूर्ण वाटभर कान मागे ठेवूनच चालत होता. फाटकाबाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेच्या ठेंगण्या कठड्यावर बसला. संध्याकाळची उन्हं तिरपी आली होती, समोरून एक सायकलवाला गेला, मग एक बाई भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत गेली, आणि तिने त्याच्याकडे बघून नजर झटकन वळवली. तेव्हा त्याने हाताने गाल चाचपून बघितला, तर तो ओला होता. कधी सुरू झालं होतं कुणास ठाऊक. ते कशाचं होतं, आजचं की पन्नास वर्षांपूर्वीचं, ताईचं की त्या दाराशी उभ्या मुलाचं, याचा त्याला पत्ता लागेना, आणि आवाज आपोआप वर चढत होता, तो थांबवायचा कसा हेही त्याला माहीत नव्हतं, कारण त्याचा त्याला सराव नव्हता. पाहुण्याने प्रथम एक कान उभा केला. मग तो उठला, वळला आणि त्याच्या पायांना पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसला, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत, आणि घरी निघायची घाई त्या दोघांपैकी कुणीच केली नाही.